अठरा रिकामे सेकंद

ताईचं शेवटचं बोलणं माझ्या लॅपटॉपवर आहे. चार मिनिटं अकरा सेकंद. त्यात मी नाही.

ती होती त्या वॉर्डात कुणाला आत सोडत नसत. दुपारी चारला नर्स तिच्यासमोर टॅबलेट धरायची आणि घरातल्या एकाच माणसाला पाच मिनिटं बोलता यायचं. त्या माणसाचं नाव ताईनेच लिहून दिलं होतं. माझं. नवऱ्याचं नाही.

भावजींशी ती तीन वर्षं कामापुरतंच बोलत होती. आमच्या वडिलांचं जास्त झालं तेव्हा मी तिच्या घरी फोन केला, तो भावजींनी घेतला. दुसऱ्या दिवशी तिच्या शाळेची तपासणी होती. ती होऊन जाऊ दे, मग सांगू, असं त्यांनी परस्पर ठरवलं. तपासणी छान झाली. वडील त्याच सकाळी गेले. तेव्हापासून त्या घरात "वाढलंय" आणि "गॅस संपलाय" एवढंच बोलणं उरलं होतं.

ताई आजारी पडल्यापासून मी तिच्याच घरी राहत होते. मंगळवारी कॉलच्या आधी भावजी दारात येऊन उभे राहिले.

"मुंगे, तिला एक विचारशील?"

मला घरात मुंगी म्हणतात. माझा आवाज फक्त मुंगीलाच ऐकू जातो, असं ताईचं म्हणणं.

"मला माफ केलंय का, विचार. हो की नाही, एवढंच."

"विचारीन," मी म्हणाले.

डॉक्टरांनी बोलून ठेवलेले अहवाल ऐकून टाइप करणं हे माझं काम. आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर दुरुस्त करणारी एक बाई आहे, तिने मला रेकॉर्डिंग शिकवलं होतं. "फोन स्पीकरपुढे धरून बसू नकोस. पंखा, बेल, शेजारणीचं भांडण, सगळं येतं त्यात. लॅपटॉपमधून निघणारा आवाज आतल्या आतच उचलायचा." यादीत तीन पर्याय होते: मायक्रोफोन, लॅपटॉपचा स्वतःचा आवाज, दोन्ही. मंगळवारचा कॉल रेकॉर्ड करताना मी मधला निवडला. ताईचा आवाज स्वच्छ यायला हवा होता. मायक्रोफोन बंद म्हणजे माझं बोलणं येणार नाही, हे मला कळत होतं. माझं कशाला हवंय, असं वाटलं.

कॉल संपायच्या आतच भावजींना हॉस्पिटलने सह्यांसाठी बोलावून घेतलं. मग पुन्हा कॉल झालाच नाही, कुणाला फुरसत नव्हती. गुरुवारी ताई गेली. नंतर त्यांनी विचारलं नाही आणि मी विषय काढला नाही.

शनिवारी भाची म्हणाली, "मावशी, आईचं ते लाव ना."

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला. भावजी खुर्ची ओढून बसले.

"आलीस?" ताई म्हणाली. मग मी बोलले असणार, तिथे नुसतं तिच्या उशाशी असलेलं यंत्र टिकटिकत होतं. "बरी आहे गं. इथली नर्स एवढी कडक आहे, दोन दिवसांत तुलासुद्धा चावायला शिकवेल." भाची हसली, मग तिने ओढणी तोंडाला लावली. पुन्हा टिकटिक. "पोरीला म्हणावं, केस कापू नकोस." टिकटिक. ही जरा लांबली. मग ताई म्हणाली, "हो." आणि जरा थांबून, "आता बरं वाटतंय."

भावजींनी हात वर केला. "मागे घे."

मी मागे घेतलं. तीनदा. तिसऱ्यांदा ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते.

"अठरा सेकंद," ते म्हणाले. "इथे विचारलंस ना तू?"

आमच्या कामात अशी ऐकू न येणारी जागा आली की तिथली वेळ लिहितात आणि पुढे जातात. इथे काय होतं ते मला पाठ होतं. मी "भावजी म्हणत होते..." एवढं म्हणाले. तिचा चेहरा बघून पुढचं विचारलं नाही. बराच वेळ मी तशीच बसले. मग विचारलं, "नर्सने उशी उंच केली का?"

माझा एकवीस वर्षांचा नेम आहे. सकाळी जप, संध्याकाळी तासभर मौन, आणि तोंडून खोटं गेलं तर दुसरा दिवस पाण्यावर. घरात सगळ्यांना माहीत आहे. ताई म्हणायची, "मुंगी उपाशी दिसली की समजावं, काल कुणाला तरी गंडवलंय हिने."

"हो," मी म्हणाले. "तेच विचारलं."

भावजींनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. आणखी काही झालं नाही. मी लॅपटॉप मिटला. संध्याकाळचं मौन सोपं गेलं.

रविवारी उठून अंघोळ केली, जप केला. मणी बोटांखालून सरकत होते. मन कुठेच नव्हतं, वाईटही वाटत नव्हतं. बारा वाजता भाचीने हाक मारली.

"मावशी, ताटं घेतलीत!"

पोट बरं नाही म्हणावं, असं मनात आलं. पण ते दुसरं खोटं झालं असतं, आणि इथे कुणाला पटलंही नसतं.

भावजी टेबलाशी बसले होते. एक वाजल्याशिवाय ते कधी जेवत नाहीत. त्यांचं ताट वाढलेलं होतं, पण त्याला हात लागला नव्हता. ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या ताटाकडे बघत होते.

मी बसले. भात, भाजी, बाजूला लिंबाची फोड. देवाला काय सांगायचं ते नंतरही सांगता येतं, त्याला घाई नसते. मी भात कालवला आणि घास तोंडात घातला. चावला. बराच वेळ चावला.

"मीठ बरोबर आहे ना गं?" भाचीने विचारलं.

मला चव लागतच नव्हती.

"हो," मी म्हणाले. हेही खोटंच, म्हणजे उद्याही उपास न धरता जेवायला बसावं लागणार होतं.

मी घास गिळेपर्यंत भावजी बघत राहिले. मग त्यांनी स्वतःचं ताट पुढे ओढलं.

"मावशीला भात वाढ," ते मुलीला म्हणाले. "संपत आलाय तिचा."

संपत आला नव्हता. मी ताट पुढे केलं.