खंडेनवमीचं तेल

खंडेनवमीला घरातलं लोखंड उपाशी राहू नये, असं मैनाबाईचं म्हणणं. विळा, कोयता, पहार, शिलाई मशीन, सगळं पुसून मांडायचं, तेलाचं बोट फिरवायचं, हळदकुंकू, झेंडूचं फूल. गाव महापालिकेत गेलं, शेतांवर सोसायट्या उभ्या राहिल्या, तरी हा नेम तिनं मोडला नव्हता. नवरात्रात देवीच्या देवळात कीर्तन असायचं. त्यात ती मागं उभी राहून झील धरायची, ध्रुपदाला वरचा सूर द्यायची. आणि कीर्तनात कानी पडलेलं घरी येऊन करून बघायची तिला भारी हौस.

आदल्या दिवशी कीर्तनकार वल्लरीताई निरूपणात म्हणाल्या होत्या, "जे आपल्यासाठी झिजतं, त्याची तहान ओळखा हो!" मैनाबाईच्या डोळ्यांसमोर क्रॉलरच उभा राहिला.

क्रॉलर म्हणजे चाकांऐवजी दोन लोखंडी चेनवर चालणारा म्हातारा ट्रॅक्टर. सोनबानं, तिच्या नवऱ्यानं, तरुणपणी लिलावात घेतलेला. त्याला स्टिअरिंगचं चाक नाही. दोन दांडे आणि दोन ब्रेक. डावीकडे वळायचं तर डावा दांडा ओढायचा, की त्या चेनचा इंजिनाशी संबंध सुटतो, आणि डावा ब्रेक दाबून ती चेन थांबवायची. मेकॅनिक मुनव्वरभाईनं कालच दोन्ही ब्रेकना नवे लायनर, म्हणजे घासून धरणारे पट्टे, घातले होते. ब्रेकचा नट पुरता आवळून मग जरासा सोडला होता. नवा लायनर बसला की सैल पडतो, उद्या येऊन पुन्हा आवळीन, म्हणून मागची झाकणं नुसती टेकवून गेला होता. चालवून बघताना ब्रेक असे किंचाळले की मैनाबाईनं कानांवर हात ठेवले. तहान म्हणतात ती हीच!

पहाटे पूजा करताना तिनं डावं झाकण उचललं आणि गोडेतेलाची वाटी आत रिती केली. उजव्यासाठी बरणीत थेंब उरला नव्हता. नंतर घालू म्हणाली आणि नैवेद्याच्या गडबडीत विसरली.

मुनव्वर स्वारगेटमागच्या गॅरेजातून स्कूटरवर पाने-पकडी घेऊन आला, तेव्हा अंगण रिकामं होतं.

"वहिनी, आज लोखंडाला सुट्टी ना? मग आमचा पेशंट कुठं उंडारायला गेला?"

"टेकडीवर पाण्याचा टँकर फसलाय. मंडपात पाणी न्हाई. देवळाच्या कमिटीतल्या पृथ्वीराजचा फोन आला, हे निघाले. म्हणाले, देवीचंच काम हाय, लोखंड रागवायचं न्हाई." तिनं चहाचा कप पुढं केला. "आन् आता रडायचं बी न्हाई. तेल पाजलंय मी त्याला."

"कुठं पाजलंत?"

"ब्रेकात. मागनं. वाटीभर."

मुनव्वरचं हसू तिथंच थिजलं. "दोन्हीकडे?"

"डावीकडंच. तेल संपलं."

त्यानं कप न पिताच खाली ठेवला. "वहिनी, त्या मशीनला सगळीकडे तेल लागतं, फक्त तिथं नाही. ब्रेक कोरडाच धरतो. तेल लागलं की घसरतो."

"पण वर तर चांगले गेले की!"

"चढाला कळत नाही. दांडा ओढला की ती बाजू आपसूक थांबते. उताराला उलटं. इंजिन दोन्ही चेन मागं धरून ठेवतं, म्हणून मशीन सावकाश उतरतं. डावा दांडा ओढला की डावी चेन सुटते, पळायला लागते. ब्रेकनं तिला धरलं नाही तर मशीन वळतं उजवीकडे."

उजवीकडे! टेकडीची वाट खाली येताना कडुनिंबापाशी डावीकडे वळते. उजव्या हाताला तुटलेली कड, कडेखाली देवळाचं अंगण, अंगणात पत्र्याचा मंडप, आणि मंडपात कीर्तनाला बसलेली सगळी आळी. मैनाबाईनं सोनबाला फोन लावला. घंटी वाजत राहिली. त्या इंजिनाच्या धडधडीत फोन कुणाला ऐकू येतोय?

"मी मंडप रिकामा करतो," मुनव्वर स्कूटरकडे पळत म्हणाला. "तुम्ही वर जा. एवढंच सांगा, डाव्या ब्रेकला तेल लागलंय. बाकी सोनबाअण्णांना कळतं."

मैनाबाई पळत सुटली. पदर सुटला, चप्पल कुठं राहिली तिलाच ठाऊक नाही. खालून टाळ-मृदंगाचा गजर येत होता. रोज त्या गजरानं तिचं मन भरून यायचं. आज प्रत्येक ठेका छातीत ठोसा मारल्यासारखा बसत होता. आई, त्यांना जरा वरच थांबव गं. टँकर निघू देऊ नकोस. असलं मागणं मागितल्याची लाजही तिला वाटली नाही.

पण टँकर ओढून निघाला होता, क्रॉलर एकटाच परत फिरला होता. वळणाच्या वर क्रॉलरचं पिवळं नाक दिसलं. माती ढकलायचं पुढचं पातं वेल्डिंगला गेलेलं, त्यामुळे जमिनीत रुतवून थांबायचीही सोय नव्हती. ते धूड माणसाच्या चालीनं, पण न थांबता, उतरत होतं. कडुनिंबापाशी सोनबानं डावा दांडा ओढला, डावा पाय दाबला.

नाक उजवीकडे गेलं.

सोनबा उभा राहिला आणि सगळ्या अंगाचा भार पायावर टाकून दाबू लागला. जितका जोर तो लावत होता, तितकं मशीन कडेकडे सरकत होतं. मुरमाचे खडे घरंगळले आणि खाली मंडपाच्या पत्र्यावर ताडताड वाजले. झांजा मधेच थांबल्या. कुणीतरी किंचाळलं.

वाटेच्या डाव्या अंगाला बांध होता, सोनबाच्या सीटएवढा उंच. मैनाबाई त्यावर चढली आणि मशीनच्या बरोबरीनं धावू लागली.

"अहो, थांबा!"

"थांबायला काय माझ्या हातात हाय! सर मागं! त्या मुनव्वरनं नट सैल ठेवलाय!" सोनबा ओरडला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. तीस वर्षांच्या संसारात तो असा भ्यालेला तिनं कधी पाहिला नव्हता.

तिला सांगायचं होतं आणि सांगवत नव्हतं. तेल मी ओतलं. एवढे तीन शब्द. ते उच्चारले की सगळ्या आळीत तिचं नाव होणार, देवभोळ्या बाईनं नवऱ्याला कड्यावरनं लोटलं म्हणून. पुन्हा मुरूम ढासळला. उजव्या चेनचं टोक आता हवेत होतं.

"ब्रेकात तेल हाय!" तिनं झिलीचा वरचा सूर लावावा तसा आवाज काढला. "डाव्यात! मी ओतलंय! मीच!"

सोनबाची मान गर्रकन वळली. दोघांची नजर भेटली, पापणी लवायच्या आत सुटली. त्यानं पाय उचलला, डावा दांडा सोडून दिला. मग दोन्ही हातांनी उजवा दांडा ओढला आणि ब्रेकला पाय लावला नाही.

मैनाबाईनं डोळे मिटले. मंडप उजवीकडे असताना उजवा दांडा ओढलेला बघणं तिच्यानं होईना.

उजवी चेन मोकळी सुटली, पुढं पळाली. डावी इंजिनानं धरून ठेवली होती. नाक थरथरलं आणि हळूहळू, मोठ्या नाराजीनं, डावीकडे वळायला लागलं. कड सुटली. धाडकन आवाज झाला. तिच्या पायांखालचा बांध हादरला आणि ती बसलीच. तिनं डोळे उघडले तर क्रॉलर बांधात नाक खुपसून उभा होता, इंजिन बंद पडलेलं.

खालून मुनव्वर हाका मारत वर आला. "मंडप रिकामा झाला! अण्णा? वहिनी?"

"जिवंत हाय," सोनबा म्हणाला. त्याला खाली उतरता येईना. मुनव्वरनं आधी चेनखाली दगड लावले, मग त्याला हात दिला.

दुपारभर मुनव्वर डावा ब्रेक रॉकेलनं धूत बसला. लायनर चिंधीनं कोरडा केला, पुन्हा धुतला, उन्हात ठेवला. आळीतली माणसं येऊन बघून जात होती. एक म्हातारा म्हणाला, "मैनाबाई, आता भजीच तळायची राहिली बघा त्यात." कुणी हसलं. ती हसली नाही. सोनबाही हसला नाही.

"मला सांगायला भ्यालीस?" लोक पांगल्यावर त्यानं हळूच विचारलं.

"व्हय."

"मी बी लई भ्यालो. तू न्हाई बोललीस तर मी दाबतच ऱ्हाणार होतो गं. अजून जोरानं."

मुनव्वर मागून म्हणाला, "नट आवळायला घेतोय. कुणीतरी पेडल दाबा."

सोनबानं उठायला बघितलं. दाबून दाबून त्याची डावी पोटरी भरून आली होती. मग मैनाबाईच सीटवर चढली. समोर बांधाची माती होती, तरी तिला कडच दिसत होती. तिनं पेडलवर पाय ठेवला आणि पाय खाली जाईना.

"दाबा वहिनी."

"दाबते," ती म्हणाली. पण दाबलं नाही. मुनव्वर थांबला. सोनबा तिच्या बाजूला उभा राहिला, मडगार्डला धरून.

"देवी, तूच बघ," असं पुटपुटत तिनं पाय दाबला. पेडल थोडं गेलं आणि घट्ट थांबलं.

"धरलं," मुनव्वर म्हणाला. "तसंच धरून ठेवा."

ती धरून बसली.