पुन्हा लावलेला कौल

वेणूकाकींचा पुतण्या प्रितम पनवेलात बिल्डर झाला आणि त्याच सुमारास त्याला देवही समजला. त्यासाठी ना उपास लागला, ना पोथी. मोबाईलवरचा गेम पुरला.

"काकी, देव म्हंजे गेम बनवनारा. आपुन आत खेलतो, त्यो भायेर बसून बगतो."

"आनि तू कोन रं? त्याचा भागीदार?" काकी म्हणाल्या.

कर्नाळ्याच्या रस्त्याला प्रितमचा टॉवर व्हायचा होता. गावदेवीची शेंदरी शिळा नेमकी त्याच्या मधोमध येत होती. ती उचलून जिमशेजारी बसवायचा त्याचा बेत. गाव म्हणालं, आधी देवीचा कौल घे. कौल लावण्याचा मान काकींच्या घराचा, सासूपासून चालत आलेला. शिळेच्या दोन्ही खांद्यांवर भिजवलेली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार.

डावं पडलं.

"परत लाव," प्रितम म्हणाला. "गेममधी हरलो तर परत चालू करतातच ना."

काकींना सासरे आठवले. मिठागर सोडून मुंबईला गिरणीत जायला निघाले होते. डावं फूल पडलं आणि त्यांनी बांधलेली वळकटी मुकाट्याने सोडली. जन्मभर मीठ ओढलं, पण देवीला दुसऱ्यांदा विचारलं नाही. आणि हा! गळ्यात बोटभर जाड साखळी, पण एक नकार ऐकायची छाती नाही.

परत लावलं. परत डावं. टॉवरमध्ये ज्यांना फ्लॅट मिळायचे होते ते गावकरी झाडावरचे कावळे न्याहाळू लागले.

मग प्रितमने उजवं फूल स्वतःच लावलं, कोरडं. हात काढताच ते पडलं.

"जितलो!" त्याने टाळी वाजवली.

"जितलास ना? मंग उचल," काकी म्हणाल्या. "ज्याला कौल मिलला त्यानंच देवी हलवायची, आपल्या हातानं. रीत हाय."

प्रितम वाकला. शिळेपासून वीतभर अंतरावर त्याचे हात थांबले.

"जगन, तू धर रे," तो आपल्या मुकादमाला म्हणाला. जगन मागे सरकला.

"उचल की," काकी म्हणाल्या. "त्यो भायेर बसून बगतोय ना? बगू दे."

प्रितमने हात पँटला पुसले, फोन आल्यासारखं केलं आणि गाडीत जाऊन बसला.

टॉवर आता देवीला वळसा घालून उभा राहतोय. येणाऱ्या गिऱ्हाइकांना प्रितम सांगतो, डिझाईन पहिल्यापासून असंच होतं.