फोटोनंतरचा फ्लॅश

ही हकीकत एका रविवारच्या सकाळची असून ती एका निवृत्त छायाचित्रकाराच्या दिवाणखान्यात, न्याहारीच्या बश्या टेबलावरून अजून उचललेल्या नसताना घडली. बश्यांच्या मधोमध जावयाचा लॅपटॉप होता, लॅपटॉपसमोर सासरे होते, आणि मुलगी द्यायच्या वेळी होता तोच उलटतपासणीचा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता.

जावई व्हिडिओ एडिटर. घरी त्याचे कार्यालय म्हणजे जेवणाचे टेबल; ताटे मांडायची वेळ झाली, की तारांसकट सारा पसारा पलंगावर हलवावा लागे आणि बायको म्हणे, "उचल तुझा सिनेमा!" सासऱ्यांच्या घरामागे मात्र त्यांच्या बंद झालेल्या स्टुडिओची डार्करूम रिकामी पडून होती. जाड भिंती, एकच दार, आणि कवडसाही आत शिरायला धजावणार नाही असा अंधार. एडिटरने स्वप्नात पाहावी अशी ती खोली त्याने मागूनही पाहिली होती.

"खोली कारागिराला देईन, जादूगाराला नाही," सासरे म्हणाले होते. "तुमचा सगळा धंदा कळ दाबण्याचा."

वास्तविक सासऱ्यांनीही जन्मभर कळच दाबली होती. पण हे त्यांना ऐकवण्याची छाती घरात एकट्या सासूबाईंची होती, आणि त्यांनी ऐकवूनही काही उपयोग झाला नव्हता. शेवटी एवढेच ठरले, की या रविवारी संध्याकाळी सासू-सासऱ्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला पाहुण्यांना दाखवायची फिल्म जावयाने करावी, ती सासऱ्यांनी आधी पाहावी, आणि मग खोलीचा निकाल लावावा.

फिल्म सासऱ्यांनी काढलेल्या घरच्या फोटोंची होती. एक फोटो पांढऱ्या लखलखाटात विरावा आणि त्याच लखलखाटातून दुसरा उमटावा, अशी युक्ती जावयाने योजली होती. त्यासाठी तो एकेक फोटो उजळवत बसला नव्हता. जिथे दोन फोटो एकमेकांना भेटतात तिथे, त्यांच्या वरच्या ओळीत, त्याने अॅडजस्टमेंट लेयरचा एकेक तुकडा ठेवला होता. हा लेयर म्हणजे जणू रिकामी काच: स्वतः काही दाखवत नाही, पण तिला दिलेला उजेड खालच्या चित्रांवर पडतो.

फिल्म सुरू झाली. सासऱ्यांची तर्जनी नकळत टेबलाच्या कडेवर टेकली आणि प्रत्येक फोटोला कॅमेऱ्याची कळ दाबावी तशी दबू लागली. मग ती थबकली.

"थांबवा."

"भडक झालं का, बाबा?"

"उजेडाशी माझं वाकडं कधीपासून? मला सांगा जावईबापू, फ्लॅश कशासाठी उडवतात?"

"फोटोसाठी."

"मग फोटो निघून गेल्यावर का उडवलात?"

जावयाने फिल्म एकेक फ्रेम पुढे सरकवून पाहिली आणि त्याचा चेहराच उतरला. आधी नवा फोटो येत होता, निमिषभर दिसत होता, आणि मग लखलखाट. उजेड सर्वांत प्रखर असतो तो लेयरचा मध्य सांध्यावर हवा होता. त्याने लेयरची सुरुवात तिथे ठेवली होती, आणि तोच तुकडा नकलून फिल्मभर लावल्यामुळे चूक शेवटपर्यंत इमानाने पोचली होती.

"पण एवढं बारीक डोळ्याला कुठे कळतं?" त्याने दुबळा वाद घातला.

"कळत नाही. खुपतं."

"माझ्या भावाच्या लग्नात तुमचा फ्लॅश उडालाच नव्हता," सासूबाई बश्या गोळा करत म्हणाल्या. "सगळं वऱ्हाड काळं ठिक्कर! तेव्हा कुणाला खुपलं नाही ते?"

"तुझा भाऊ त्या एकाच फोटोत बरा दिसतो," सासरे म्हणाले आणि जावयाकडे वळले. "आता सगळी फिल्म नव्याने? संध्याकाळी पाहुणे आहेत."

जावयाने वरच्या ओळीतले सगळे तुकडे एकदम निवडले आणि प्रत्येकाचा मध्य सांध्यावर बसेपर्यंत मागे सरकवले. चहा निवण्याच्या आत काम झाले.

"आणि फोटो?"

"ते खाली शाबूत आहेत. त्यांना धक्कासुद्धा लागला नाही. उजेडाची काच तेवढी हलवली."

सासरे पुढे झुकले. "म्हणजे निगेटिव्हला हात न लावता वरून उजेडाचं काम करायचं. डार्करूममध्ये मी दुसरं काय करत होतो? हे आधी बोलला नाहीत ते?"

"तुम्ही जादूगार म्हणालात. मी गप्प बसलो."

"बरं, बरं. लावा."

फिल्म पुन्हा सुरू झाली. तर्जनी दबली, पडदा लखलखला. बोट आणि उजेड यांची गाठ एकदाही चुकली नाही. तरुण सासूबाई आल्या, रांगणारी बायको आली, काळे ठिक्कर वऱ्हाडही येऊन गेले आणि सासूबाई बश्या हातात धरून खुदकन हसल्या. शेवटचा फोटो विरला तेव्हा सासऱ्यांनी बोट टेबलावरून उचलले.

"उजेड वेळेवर पडतोय," ते म्हणाले. "खोली कारागिराला दिली."