सिंधुताईंची शिकवणी

"मान खाली ठेवजो, आन् मॅडम काही बी इचारन तं 'मोठे म्हणतीन तसं' म्हणजो," नलूची वेणी घालता घालता सिंधुताईंनी बजावलं.

"खोटं बोलू काय, ताई?"

"खोटं काहून व? आधी भायेर तं पड."

भिलाईच्या त्या दवाखान्यातल्या मनोरुग्ण वॉर्डात सिंधुताई एकोणीस वर्षं आया होत्या. हुज्जत घालणारीचं इंजेक्शन वाढतं आणि गरीब गाईसारखी राहणारी लवकर घरी जाते, एवढं मानसशास्त्र त्यांना तोंडपाठ होतं. त्या जोरावर त्यांनी कितीतरी बायका घरी धाडल्या होत्या, आणि याचा त्यांना फार अभिमान होता.

नलूचा नवरा नोकरीत असतानाच काविळीनं गेला आणि हिची वाचाच बसली. चार महिन्यांत ती सावरली. जेवू लागली, बोलू लागली, आणि नवऱ्याच्या जागेवर आपणच अर्ज करणार असं म्हणू लागली. सासरे रामाजींना मात्र तिथं धाकट्या मुलाला चिकटवायचं होतं. ते दर रविवारी येत आणि सुनेला सोडून नर्सलाच विचारत, "आलं काय डोस्कं ठिकाणावर?" त्यांना नेमकं कोणतं उत्तर हवं असे, ते आवाजातच कळे.

नागपूरहून आलेल्या समाजसेविका रत्नमाला मॅडम छापील फॉर्म घेऊन बसल्या. रोग्याला स्वतःचं आयुष्य किती आपल्या हातात वाटतं, हे त्यात मोजायचं होतं. प्रश्न अठ्ठावीस.

"माझे निर्णय मी घेऊ शकते, असं वाटतं तुम्हाला?"

"मोठे म्हणतीन तसं."

"चुकीचं वाटलं, तर बोलून दाखवता?"

"मी काय बोलू जी? मोठे हायेत."

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. "नलूताई, मोठ्यांचं राहू द्या. तुमचं सांगा."

नलूनं तोंड उघडलं. दारातल्या सिंधुताई खाकरल्या. नलूनं मान खाली घातली.

फॉर्म संपल्यावर सिंधुताईंनी हौसेनं विचारलं, "पास झाली ना जी?"

"इतके कमी गुण मी कुणाचे पाहिले नाहीत," मॅडम हळूच म्हणाल्या. "घरी जातील त्या. पण स्वतःचे निर्णय घेऊ शकत नाहीत, असं लिहावं लागलं. डॉक्टरांची सही झाली की कागद सासऱ्यांना मिळेल."

सिंधुताई पुढे सरसावल्या. "ते तं म्या शिकवलं तिले! माह्यं बोलनं हाय ते!"

"दुसऱ्याचं बोलणं स्वतःच्या तोंडानं बोलणं, हेच तर यात मोजतात, सिंधुताई."

रामाजी रविवारची वाट न पाहता सोमवारीच आले. सगळ्यांशी गोड बोलले. कागदाची घडी करून त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. सिंधुताई मध्ये पडल्या, "भाऊ, पोरगी चांगली हाय, चूक माही झाली." रामाजी हसले. "तुमचे तं उपकार झाले, बाई."

सुटीच्या रजिस्टरवर सही करायला नलूनं पेन उचललं. मॅट्रिक झालेली पोर ती, अक्षर मोत्यासारखं.

"सही कायले? अंगठा घ्या तिचा," रामाजी नर्सला म्हणाले. "कागदात लिवलं हाय ना."

नर्सनं शाईचा पॅड पुढे सरकवला. नलूनं एकदा सिंधुताईंकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर सिंधुताईंना सोसलं असतं.

अंगठा उठला. पुसायला म्हणून सिंधुताईंनी घाईघाईनं पदर पुढे केला. नलूनं काळा अंगठा मुठीत घेतला आणि ती सासऱ्यांच्या मागोमाग निघाली.