नकाशाच्या पोटातला घाट

मी एक जुना नकाशा आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. वाऱ्याला भितो, चहाच्या कपाला भितो, मुलांच्या ओल्या हातांना भितो आणि सगळ्यात जास्त भितो ते माझ्याच घड्यांना. हसू नका. कागदाच्या जन्माला आला असतात तर तुमचीही अशीच गाळण उडाली असती.

छापखान्यात माझ्या अंगावर रंग चढले तेव्हा मी अगदी सपाट होतो. निळ्या नद्या, तांबडे रस्ते, तपकिरी डोंगर! वाटलं, आता जन्मभर असंच ऐटीत पसरून राहायचं. कसचं काय! पुढच्याच टेबलावर घड्या घालणाऱ्या बाई बसल्या होत्या. त्यांनी मला उभं दुमडलं, आडवं दुमडलं आणि वरून नख करकरीत ओढलं. "फाटलास तर इथेच फाटशील हो," त्या हसत म्हणाल्या. त्यांची झाली गंमत, माझ्या मनात मात्र धास्ती बसली ती बसलीच.

दुकानातून मला ज्या घरी आणलं, तिथे चार माणसं होती. आई, बाबा, बाबांचे वडील म्हणजे आजोबा आणि भिंगरी. भिंगरी ही घरातली मुलगी. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून हे नाव पडलेलं. तेव्हा खिशात रस्ता सांगणारे फोन नव्हते. गाडी निघाली की मी आईच्या मांडीवर. आजोबा मागून म्हणायचे, "सूनबाई, तू या नकाशाचं ऐक. माझ्या मुलाचं ऐकलंस तर आपण समुद्रात जाऊ." माझी छाती फुगायची. भीतीसुद्धा घटकाभर विसरायचो.

सहलीत कुठल्या शहरात किती राहायचं, हे ठरवायची या घराची स्वतःची रीत होती. मला जेवणाच्या टेबलावर पसरायचं आणि आईच्या शिवणाच्या डब्यातली बटणं काढायची. एक बटण म्हणजे एका रात्रीचा मुक्काम. सुट्टी जेवढी, तेवढीच बटणं. ज्या शहराच्या वाट्याला बटण येत नसे, ते 'उभ्याउभ्या' बघायचं. म्हणजे उतरायचं, एक चक्कर मारायची आणि पुढे निघायचं. अंतर मोजायचं काम आईच्या बोटांचं. एक बोट म्हणजे साधारण एक तास. "माझं बोट कधी चुकत नाही," असं ती म्हणायची आणि खरंच, तोवर ते कधी चुकलं नव्हतं.

मग तो दिवस आला. भर रस्त्यात डावीकडे की उजवीकडे यावरून आईबाबांची जुंपली. "आण इकडे!" म्हणून बाबांनी मला ओढलं, आई सोडेना आणि मी त्या बाईंनी नख ओढलं होतं तिथेच टर्रकन फाटलो. काय सांगू, अजून अंगावर काटा येतो. घरी आल्यावर बाबांनी चिकटपट्टी काढली. फाटलेली कड होती वेडीवाकडी. ती जुळवत कोण बसतो? त्यांनी चांगली तीन बोटं रुंद कड सरळ आत दुमडली आणि वर पट्टी चिकटवली. "बघा, कसा नवाकोरा केला!" सगळ्यांनी वा वा केली.

पण मित्रांनो, त्या दुमडीत माझा अख्खा घाट गडप झाला होता. त्याची सगळी वळणं आत गेली आणि घाटाच्या तोंडाशी बारीक अक्षरात छापलेली सूचनाही गेली : सूर्यास्तानंतर फाटक बंद. डोंगराच्या अलीकडचं तळ्याचं शहर आणि पलीकडचं मोठं शहर आता एकमेकांना खेटून बसली होती. मला पोटात सारखं काहीतरी टोचायचं. पण सांगणार कुणाला? आणि खरं सांगू, पट्टी कुणी काढू नये असंच मला वाटायचं. पुन्हा फाटायची माझी तयारी नव्हती.

पुढे मी कपाटाच्या खणात पडून राहिलो. वर जुने पडदे आणि चादरी आल्या, पट्टी पिवळी पडली, माझी कुणाला आठवण राहिली नाही. एका सकाळी आईने खण उघडला आणि मला घाईघाईने बाहेर ओढलं.

मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, नुकतीच त्या डोंगरापलीकडच्या शहरात राहायला गेली होती. घरातलं कुणी तिकडे अजून गेलेलं नव्हतं. या सुट्टीत तिच्याकडेच जायचं होतं, वाटेत दोन शहरं बघत. आणि आता फोन आला होता की मावशीच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. ती म्हणाली होती, "ताई, सहल मोडू नका. फक्त मला आत नेतील त्याच्या आदल्या संध्याकाळी ये. तुला एकदा बघितलं की मी जाईन आत."

मला पसरलं. बटणं खुळखुळली. आजोबांनी तरुणपणी जिथे नोकरी केली त्या शहरावर दोन बटणं गेली, कारण तिथे त्यांचा जुना मित्र वाट बघत होता. तळ्याच्या शहरावर एक. आईने पुढचं बोट टेकवलं. "इथून तिच्याकडे जेमतेम दोन बोटं. दिवसभर तळं बघू, चार वाजता चहा घेऊन निघू. दिवेलागणीला तिच्यापाशी."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. नाही गं आई, दोन नाहीत! मध्ये डोंगर आहे, फाटक आहे! मी ओरडलो, पण कागदाचं ओरडणं म्हणजे नुसती सळसळ. "पंखा कमी कर रे जरा," आजोबा म्हणाले. आई फाटकाशी अडकणार, रात्र गाडीत काढणार आणि ती पोचेपर्यंत मावशीला आत नेलेलं असणार, हे मला लख्ख दिसत होतं. भीतीने मी पार गारठून गेलो.

भिंगरीला तळ्याच्या शहरावर आणखी एक बटण हवं होतं. ती टेबलावर अर्धी आडवी झाली आणि तिच्या कोपराखाली माझी कड ओढली गेली. जुन्या घडीवर ताण आला. आजवर असा ताण आला की मी जीव मुठीत धरून त्या पिवळ्या पट्टीला चिकटून बसायचो. त्याही वेळी तसंच करावंसं वाटलं. फार वाटलं. पण मी डोळे मिटले आणि पट्टी सोडली.

टर्र.

"अगं भिंगरे, काय केलंस हे!" बाबा ओरडले. तिचे डोळे भरून आले. पण आईची नजर माझ्यावरच खिळली होती. दुमडलेली कड उलगडून बाहेर आली होती. आईने तिच्यावर बोटं ठेवली. एक, दोन, तीन. मग ती वाकून बारीक अक्षरं वाचू लागली.

"अहो... इथे घाट आहे. फाटक बंद होतं." तिने बोट त्या अक्षरांवरच ठेवलं. "मी चहा पीत बसले असते. आणि ती तिकडे दाराकडे बघत राहिली असती."

बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. ती पट्टी कुणी चिकटवली होती, हे सगळ्यांना आठवलं. आजोबांनी हात पुढे केला, आपल्या शहरावरची दोन्ही बटणं उचलली, तळ्यावरचंही उचललं आणि सगळी नेऊन मावशीच्या शहरावर ठेवली. "माझं शहर काय पळून जातंय? उभ्याउभ्या बघतो. मित्राला रस्त्यावरच बोलावतो, त्यालाही तेवढंच चालणं होईल."

त्या प्रवासात मी दोन तुकड्यांत आईच्या मांडीवर होतो. खिडकीतून वारा आला की तिचा तळहात माझ्यावर घट्ट दाबला जाई. वळणावळणांवर तिचं काळीज धडधडायचं ते मला ऐकू यायचं आणि माझं तिला ऐकू जात असेल असं वाटायचं. फाटक उन्हातच ओलांडलं. दवाखान्यात ती मला हातात घेऊनच धावत गेली, खाली ठेवायचं भानच नव्हतं.

मावशी पलंगावर बसली होती. "आलीससुद्धा? मला वाटलं, तळ्याकाठी चहा ढोसत बसशील." मग तिने आईचं मनगट घट्ट धरलं. "ताई, मला फार भीती वाटत होती गं."

"मलापण," आई म्हणाली. ती मावशीजवळ बसली आणि मी दोघींच्या मधे चुरगळलो. त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही.

मावशी बरी झाली. पलंगावर पडल्या पडल्या तिनेच मला जोडलं. माझी वेडीवाकडी कड तिने दाताला दात लावावा तशी जुळवली, मागून पातळ कागद लावला, एक वळणसुद्धा आत जाऊ दिलं नाही. बाबा शेजारी बसून डिंकाची बाटली धरून होते.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. घरात काही फाटलं तर जोडा, पण घाईने कड आत दुमडून वरून छान दिसेल असं करू नका. आत काय गेलं, ते कुणाला तरी पुढे लागतं. थोडा वेळ जाईल, जाऊ द्या.

मी अजून भित्राच आहे. डब्यातली बटणं खुळखुळली की आजही माझ्या घड्या थरथरतात. पण आई मला उघडण्याआधी त्या जोडावर हळूच हात ठेवते आणि म्हणते, "सावकाश रे, घाट आहे इथे."