सातव्या गाण्यातला खंड

"काप ते," ट्रेवर म्हणाला. "सरळ काप."

ॲशलेने कानावरचे हेडफोन काढले. 'कोल्ड लूम' या बँडमध्ये गिटार तोच वाजवतो आणि ध्वनिमुद्रणाचं कामही तोच बघतो. आईच्या गॅरेजात, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी. "कापता येतं. सोपं आहे. केझिया नको म्हणते."

"मी नको म्हणत नाही." केझिया बँडची गायिका. गाते म्हणजे घशाच्या तळातून ओरडते, आणि एरवी इतकं हळू बोलते की चहा विचारलेला कळत नाही. "मी म्हणते, आधी ऐक. पडलास तू, तर ठरवायचंही तूच."

"पडलो ते मला ठाऊक आहे, पोरी. मी तिथेच होतो."

ट्रेवर ओल्डरॉइड हडर्सफील्डला बस चालवतो. मुलगी हॅटी पंधरा वर्षांची असताना तिला या बँडच्या कार्यक्रमाला सोडायला गेला, बाहेर गाडीत थंडीने थिजला, म्हणून आत शिरला. हॅटीचा नाद पुढे सुटला. बापाला लागला तो लागलाच. गाणं मध्येच संथ आणि जड झालं की पोरं जागा मोकळी करून एकमेकांवर आदळतात. ट्रेवर त्या जागेच्या काठाला उभा राहतो. कुणी पडलं की जवळच्याने उचलायचं, हा तिथला नियम. कुणाचा बूट सापडला की तो डोक्यावर उंच धरायचा, हा दुसरा. इतकी वर्षं ट्रेवरने माणसं उचलली, बूट धरले, आणि नेमकं ज्या कार्यक्रमाचा लाइव्ह अल्बम व्हायचा होता त्याच रात्री, सातव्या गाण्यात, त्याचा गुडघा —

ॲशलेने त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण लावलं. आधी ड्रमचे माइक.

धडधड. धडधड. काठी खाली पडल्याचा आवाज. मग काही नाही.

"बघ," ट्रेवर म्हणाला. "एकच रात्र होती तुमची. मागे कंपनी नाही, कुणी नाही. लोकांनी आगाऊ पैसे भरून काढलेला अल्बम, आणि मध्येच हे भगदाड."

"ट्रेव्ह, दुसऱ्या गाण्यात मी अख्खं कडवं चुकीचं वाजवलंय. तेही ठेवतोय."

"तुला कोण ओळखतं?"

केझिया खिदळली. ट्रेवर हसला नाही.

"हॅटीला सांगितलंय, बसच्या पायरीवरून घसरलो. ती आधीपासूनच म्हणते, बाबा, वय बघ, त्या गर्दीत जाऊ नकोस. तिने हे ऐकलं की संपलं. आणि खरं सांगू? बरोबरच आहे तिचं. ज्याला स्वतःला उभं राहता येत नाही, तो कुणाला काय उचलणार? मी आता यायचाच नाही."

केझियाने ॲशलेकडे पाहिलं.

त्याने केझियाचा माइक लावला.

"थांबा! थांबा, वाजवू नका! कुणीतरी पडलंय. मागे सरका, हवा येऊ द्या!" मग माइकपासून लांब, तिच्या रोजच्या आवाजात: "अरे देवा. ट्रेव्ह आहे."

गॅरेजात केझिया आपली नखं बघत बसली.

"अजून एक," ॲशले म्हणाला.

छताला टांगलेला माइक. गर्दीच्या वरचा.

"आजोबा, हात द्या. हात —"

"आजोबा?" ट्रेवर म्हणाला.

"श्श."

"ए, सरक. मी उचलतो त्याला."

"तू का? मला लीड्सला यानंच उचललं होतं."

"मला तर दोनदा! दात पडला होता माझा, तोपण यानंच शोधला."

"भांडता काय! पाय धरा, पाय!"

"बूट! बूट कुणाचा आहे?"

"त्याचाच आहे, येड्या!"

हशा. सगळ्या सभागृहाचा हशा, आणि त्याच्या तळाशी एक कण्हणारा, चिडका आवाज: "झालं ना आता? मग वाजवा की!"

"हा कोण?" ट्रेवरने विचारलं.

"तू," केझिया म्हणाली.

त्याला आठवत नव्हतं. ओली फरशी आठवत होती, आणि लाज. ॲशलेने ध्वनिमुद्रण थांबवलं नाही. ड्रम पुन्हा सुरू झाले, आधीपेक्षा जरा वेगात, जरा वेडेवाकडे.

गाणं संपल्यावर ट्रेवरने घसा खाकरला.

"ते 'आजोबा' तेवढं काप."

"एकाच माइकवर आहे सगळं. ठेवलं तर सगळं ठेवायचं."

ट्रेवरने गुडघ्यावरचा पट्टा सैल केला. पुन्हा आवळला.

"ठेव मग."

अल्बम शुक्रवारी निघाला. दुपारच्या सुट्टीत, डेपोतल्या रिकाम्या बसमध्ये बसून ट्रेवरने यॉर्कला, मुलीला फोन लावला.

"हॅटी, सातवं गाणं लाव. लाव तर खरं... मध्येच थांबलं ना? पडला तो मी. हो, तेव्हाच. नाही, पायरी नव्हती. नंतर ओरड हवं तेवढं. बंद करू नकोस, बाळा. पुढे ऐक."