सतरा मिनिटांचं भूत

कर्लिंग क्लबच्या वरच्या मजल्यावर त्या शनिवारी पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर उणे अठ्ठावीस होतं, तरी माणसं आली होती, आणि रिकाम्या हातांनी आली नव्हती. कुणी रजईत, कुणी झोपायच्या पिशवीत, एकीने तर नवऱ्याच्या कोटात गुंडाळून आपापला कॉम्प्युटर आणला होता. तान्ही पोरं दवाखान्यात न्यावीत तशी ती डबडी मांडीवर घेऊन सगळे ओळीने बसले होते. काचेपलीकडे खाली बर्फावर दगड सरकवत दोन संघ खेळत होते, पण एरवी प्रत्येक दगडावर मत देणाऱ्या आमच्या गावाचं आज तिकडे लक्षच नव्हतं.

लक्ष होतं ब्रदर वेंडेलकडे.

हा कुठल्या चर्चचा ब्रदर, हे कुणी विचारलं नव्हतं. करडा स्वेटर, हळू आवाज, भर थंडीतही कोमट हात. कफनी नव्हती एवढंच; बाकी बुवा तो बुवाच. मशीनवर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचा, मग दोन-तीन बटणं दाबून एक यादी उघडायचा आणि ती भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दाखवायचा. यादीभर लाल खुणा.

“मोजू नका,” तो म्हणायचा. “मोजाल तर झोप उडेल. प्रत्येक लाल खूण म्हणजे एक चावा. तुम्ही दिवा मालवता, तेव्हा ते जेवायला बसतात.”

“कोण?” पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारायचंच.

“नावं घेतली की ते ऐकतात.”

मग तो बोट उचलायचा, ओठ हलवायचा, एक बटण दाबायचा, आणि पडदा कोरा. एकही लाल खूण नाही. साठ-सत्तर माणसांचा श्वास एकदम सुटलेला ऐकू यायचा. मशीनचा मालक डोळे पुसत वर्षभराच्या विकतच्या ‘कवचा’साठी सही करायला शेजारच्या टेबलाकडे जायचा.

माझ्या लेकीला, एल्लाला, कडेवर घेऊन मी दाराशी उभी होते. ती सात महिन्यांची, आणि तिला त्या खोलीतलं फक्त कॉफीचं भांडं आवडलं होतं. मला हसू येत होतं. बाळ व्हायच्या आधी चार वर्षं मी विनिपेग शहरात फोनवर लोकांचे अडलेले कॉम्प्युटर सोडवून देत असे. ती लाल यादी मी हजार वेळा पाहिली होती.

पण पाचवा नंबर माझ्या अम्माचा होता, आणि तिथे माझं हसू संपलं.

अम्मा म्हणजे माझी आजी, सिग्रून. माझे आफी, म्हणजे आजोबा हेल्गी, ऑक्टोबरात गेले. बावन्न वर्षं त्यांनी या सरोवराच्या बर्फाखाली जाळी टाकली. जाण्यापूर्वीच्या उन्हाळ्यात ते रोज कॉम्प्युटरसमोर बसून एल्लासाठी बोलून ठेवत होते. पाण्याखालच्या खडकांची नावं, कुठे मासा, कुठे दगा, आणि शेवटी एक झोपवायचं गाणं. तेवीस फायली. दुसरी प्रत नाही. “प्रत काढून ठेवू या गं,” हे मी ऑक्टोबरपासून फोनवर म्हणत होते. पण बाळ, जागरणं, दीड तासाचा घसरडा रस्ता. माझी चूक होती ती.

त्या सकाळी मी गावात पोचले तेव्हा मशीन ब्लँकेटमध्ये बांधून दारात तयार होतं. काय बिघडलंय ते अम्मा मला सांगायला तयार नव्हती. आता तिने बुवाला सांगितलं, सगळ्यांसमोर, अगदी हळू.

“मी नीट बंद करून झोपते. सकाळी उठते तर चालू असतं. मी समोर बसले की मधेच मरतं, आणि मी स्वयंपाकघरात गेले की आपलं आपण जागं होतं. नोव्हेंबरपासून.”

तीन-चार जणांनी मांडीवरची मशीनं जरा दूर धरली.

वेंडेलने मशीनवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. नाटक चांगलं होतं. “घरात कुणी गेलंय?”

“माझा नवरा.”

“याच्यात त्याचं काही आहे?”

“आवाज.”

“ऐकता?”

“रोज संध्याकाळी. आणि ही पणती येते तेव्हा हिला ऐकवते.”

त्याने एल्लाकडे पाहिलं. मी तिला दुसऱ्या कडेवर घेतलं. “बाई,” तो म्हणाला, “तो आवाज आता त्याचा नाही. आत जे बसलंय ते त्याच्या आवाजाने बोलतंय. साध्या झाडणीने हे जाणार नाही. हे सगळं धुवावं लागेल. मशीन कोरं करायचं. आजच.”

“सगळं म्हणजे?”

“सगळं. पुन्हा लेकराच्या कानावर तो आवाज पडता कामा नये.”

अम्माने माझ्याकडे पाहिलंच नाही. तिने एल्लाच्या पायातला मोजा वर ओढला आणि मान हलवली. तिला तेवीस फायलींपेक्षा मोज्यातलं ते इवलं पाऊल मोठं होतं. बुवाने नेमकं तेच हेरलं होतं.

त्याने मशीन जोडलं. ते मुकाट सुरू झालं. त्याने पेन ड्राइव्हची एक काळी काडी त्यात खोचली, आणि पडद्यावर प्रश्न उमटला: सर्व मजकूर पुसायचा? हो किंवा नाही.

“बटण घरच्याच माणसाने दाबायचं असतं,” तो म्हणाला.

“अम्मा, थांब.” माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. “बंद होतं म्हणतेस ना? कधी बंद होतं?”

“सांगितलं ना, मधेच.”

“मधेच म्हणजे किती वाजता?”

“पोरी, भूत काय घड्याळ बघून येतं?” मागून कुणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसली.

“तेच बघू या,” मी म्हणाले. “ब्रदर, तुमची ती लाल यादी उघडा. पुसू नका, फक्त उघडा.”

त्याला नाही म्हणता येईना. काडी काढून त्याने मशीन पुन्हा सुरू केलं आणि यादी उघडली. पडदा लालेलाल. “बघा,” तो म्हणाला. “अशी मी वीस वर्षांत पाहिली नाही.”

“क्लबचं नवं मशीन कुठाय?” मी काल्लीला विचारलं. काल्ली थॉर्स्टाइनसन अम्माचा शेजारी, क्लबचा बर्फ राखणारा. मागच्याच आठवड्यात आलेलं मशीन कोपऱ्यात होतं, खोकं अजून बाजूलाच पडलेलं. एल्लाला काल्लीकडे देऊन मी त्यावर तीच यादी उघडली. तिथेही लाल खुणा. चाळीसेक.

“याला कोण चावलं?” काल्लीने विचारलं.

“कुणी नाही. ही मशीनची रोजनिशी आहे. छपाईयंत्र सापडलं नाही, लाल. इंटरनेट क्षणभर तुटलं, लाल. प्रत्येक धडधाकट मशीनमध्ये असतात. आणि हे बुवा बटण दाबून करतात काय, तर रोजनिशीची पानं फाडतात. ताप उतरत नाही, थर्मामीटर फुटतो.”

मला वाटलं, आता खोली उलटेल. नाही उलटली. वेंडेल हळूच म्हणाला, “म्हणजे क्लबातही शिरलं तर,” आणि तीन बायका खुर्च्या ओढून मागे सरकल्या.

मी अम्माच्या मशीनकडे वळले. तिच्या यादीत एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती: यापूर्वी मशीन अनपेक्षितपणे बंद पडले. आणि पुढे वेळ. मी मोठ्याने वाचू लागले.

“काल रात्री नऊ सतरा. काल आठ सतरा. काल सात सोळा. परवा चार सतरा. बुधवारी पहाटे पाच सतरा.”

सहाव्या ओळीपासून काल्लीही माझ्याबरोबर म्हणायला लागला. सतरा. सतरा. सोळा. सतरा.

“अम्मा, आणि इथे हे किती वेळ चालू आहे?”

“तुमच्या या वादात झाला की पाऊण तास.”

“मधे दोन सतरा होऊन गेले. मेलं का?”

“माझ्या हाताखाली ते शांत असतं,” वेंडेल म्हणाला.

“किंवा,” मी म्हणाले, “दुखणं मशीनमध्ये नसून घरात आहे. अम्मा, मला फक्त पुढच्या तासाला सतरा मिनिटं होताना बघू दे. घरी, त्याच्या जागेवर. नंतर तुला पुसायचंच असेल तर बटण मी दाबीन.”

“प्रत्येक मिनिटाला ते खोल जातंय, बाई.”

अम्मा बराच वेळ पडद्यावरच्या वेळा बघत राहिली. मग उठली. “हेल्गीने घड्याळ न बघता कधी जाळं ओढलं नाही,” ती म्हणाली. “ब्लँकेट दे.”

*

तीनला पाच कमी असताना आम्ही घरी पोचलो; आम्ही म्हणजे निम्मा क्लब. काल्लीने ट्रक अंगणात लावला आणि इथे पाहुणा करतो ते पहिलं काम केलं: बॉनेटमधून लोंबणारी वायर घराच्या बाहेरच्या प्लगला जोडली. इंजिन गरम ठेवायला वीज मिळाली नाही तर या थंडीत तासाभरात गाडीचा दगड होतो. वायरीच्या टोकाशी नारिंगी दिवा लागला.

मशीन आफींच्या खोलीत, अंगणाकडच्या भिंतीशी, नेहमीच्या प्लगला जोडलं. मी एक फायल लावली. आफींचा घोगरा आवाज खोलीत पसरला. खडकांची नावं, उत्तरेकडून दक्षिणेकडे, संथ. एल्लाने मान वळवली. अम्माने डोळे मिटले. दाराशी वेंडेल हाताची घडी घालून उभा होता.

तीन पंधरा.

मी मनातून घाबरले होते. चुकले असते तर त्या काळ्या काडीपुढे माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

तीन सोळा. आफी एका खडकाचं नाव घेऊन थांबले, हसले, पुढचं सांगू लागले, आणि अर्ध्या शब्दात आवाज तुटला. पडदा काळा. टेबलावरचा दिवा मात्र जळत होता. भिंतीवरच्या घड्याळात तीन सतरा.

“पाहिलंत?” वेंडेल म्हणाला. त्याचा आवाज आता मुळीच हळू नव्हता. “दिवा चालू आहे. वीज गेलेली नाही. त्याने लेकराला पाहिलं आणि तोंड मिटलं.”

अम्माने एल्लाला माझ्याकडून घेतलं आणि छातीशी घट्ट धरलं. “पूस, रूना,” ती मला म्हणाली. “पुसून टाक.”

“थांब जरा, सिग्रून.” काल्ली खिडकीशी होता, कपाळ काचेला टेकवून. “माझ्या वायरीचा दिवा गेला.”

“काय?”

“ट्रकच्या. आत्ता होता, आत्ता गेला.” तो वळला. “ब्रदर, माझ्या फोर्डलाही चावलं का हो? तिच्यात कुणाचा आवाज नाही. एक रेडिओ आहे, तोही बिघडलेला.”

पहिली हसली ती दाराजवळची म्हातारी. मला हसायला वेळ नव्हता. मी तळघराच्या जिन्यावर होते. भिंतीवर, अंगणाच्या प्लगकडे जाणाऱ्या तारेवर, थाळीएवढा एक टायमर बसवलेला होता. गोल चकती, कडेने पिवळ्या खुंट्या. अर्धा तास वीज, अर्धा तास बंद. विजेची बचत, आणि इंजिनाला तेवढी ऊब पुरते. चकती हळूहळू फिरत होती. गावातली वीज अधूनमधून जाते तेव्हा चकतीही थांबते, म्हणून ती खऱ्या वेळेच्या मागे पडली होती. सतरा मिनिटं.

मी खालून हाक मारली. “अम्मा, हा कधी चालू केलास?”

“पहिलं बर्फ पडलं तेव्हा. दरवर्षी करतो की.” ती जिन्याच्या तोंडाशी आली. “मी हा चालू करायचे. तो वर काहीतरी करायचा.”

“काय?”

ती सावकाश म्हणाली, “टेबल ओढायचा. कॉम्प्युटरची वायर पलीकडच्या भिंतीला लावायचा. मला वाटायचं, उन्हासाठी.”

खोलीतला तो एक प्लग आणि भिंतीपलीकडचा अंगणातला प्लग एकाच तारेवर होते. आफींना ते ठाऊक होतं; त्यांनीच जोडले होते. टेबलावरचा दिवा वेगळ्या तारेवर. आणि मशीन आपोआप जागं व्हायचं, कारण वीज परतली की सुरू हो, अशी सोय असते मशीनमध्ये. आफींनी ती चालू ठेवली होती.

वेंडेलने सांगून पाहिलं की तशी शक्ती तारांतूनही प्रवास करते. “करते ना,” काल्ली म्हणाला, “तिला वीज म्हणतात.” त्यानंतर बुवा फार थांबला नाही. ज्यांनी सह्या केल्या होत्या त्यांच्यापैकी तिघं त्याच्या मागोमाग बाहेर गेली, कागद परत मागायला.

आम्ही वायर पलीकडच्या भिंतीला लावली. मी आधी तेवीस फायलींच्या दोन प्रती काढल्या, मगच कॉफीला हात लावला. अम्माने सुक्या आलुबुखारचा सात थरांचा केक कापला, आणि अकरा माणसं केक खात घड्याळाकडे बघत बसली. चार पंधरा. चार सोळा. आफी गात होते. चार सतरा. गात राहिले. चार अठरा झाले तेव्हा एल्ला अम्माच्या खांद्यावर झोपली होती.

माणसं गेल्यावर अम्मा मला म्हणाली, “म्हणजे तो येत नव्हता तर.”

“नाही, अम्मा.”

“सकाळी मशीनचा दिवा दिसला की मला वाटायचं…” तिने वाक्य सोडून दिलं. मग एल्लाला मला देऊन ती तळघरात उतरली. मी वरून पाहत होते. तिने चकतीवरची एक पिवळी खुंटी बोटाने चाचपली.

“ह्या त्यानेच लावल्यात,” ती म्हणाली. “एकेक मोजून. मी हलवणार नाही.”

तिचं दुःख खरं होतं. फक्त त्यावर कुणीतरी भूत विकू पाहत होतं. म्हणून एवढंच सांगते. यंत्र रुसलं, तर त्याला हात लावू देण्याआधी त्यातल्या मोलाच्या गोष्टीची दुसरी प्रत काढा. बिघाडाची वेळ लिहून ठेवा. त्याच घडीला घरात आणखी काय बंद पडतं ते खिडकीतून बघा. दुसऱ्या जागी नेऊन पाहा. आणि कुणी लाल खुणा दाखवून घाबरवलं, तर शेजारच्या धडधाकट मशीनमध्येही त्या आहेत का ते त्याच्यासमोर उघडून बघा. यातलं एकही काम करायला विद्या लागत नाही. घड्याळ लागतं, आणि बटण दाबण्याआधी थोडं थांबणं.

आफींच्या तेवीसही फायली आता आमच्या घरीही आहेत. आत्ताही चालू आहेत. खडकांची नावं संपलीत, गाणं सुरू झालंय, आणि एल्ला झोपेच्या भरात आपली मूठ उघडतेय.